लिफ्टवाले काका आणि वाटाण्याएवढी गाठ

शहरातल्या कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर संडास आहे, हे लिफ्टवाल्या काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लिफ्टदुरुस्तीत तीस वर्षं गेलेली, आणि शेवटची सहा वर्षं पोटाने पिच्छा पुरवलेला. छातीत जळजळ, वरचेवर जुलाब, दोनदा आतड्याला जखमा. काकूंनी तिखट बंद केलं, मेहुणीने चहा सोडायला लावला. "माझ्या पोटात ॲसिडचा कारखाना आहे, तीन पाळ्यांत चालतो," असं काका ज्याला त्याला सांगत.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी रक्त तपासलं, स्कॅन केला. लहान आतड्याच्या भिंतीत बारीकशी गाठ निघाली. तीच पोटाला सारखा हुकूम सोडत होती, ॲसिड कर, आणखी कर!

मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत काका दोनदा वाढून घेऊन जेवायला लागले. शस्त्रक्रिया करून गाठ काढायची की नाही, एवढंच ठरायचं होतं.

"सगळं सुरळीत चाललंय, आता पोट कशाला फाडायचं?" काकू म्हणाल्या.

"अगं ताई, गाठ काय विरघळणार आहे?" मेहुणी भडकली.

दोघी बहिणींची जुंपलेली पाहून काका सरळ दवाखान्यात गेले.

"बाई, गोळ्यांनी ॲसिड थांबलं. गाठ थांबली का?"

"नाही. ती वाढू शकते, यकृतात पसरू शकते. तुमची एकच आहे, पसरलेली नाही, आजार आनुवंशिकही नाही. म्हणून काढलेली बरी. बऱ्याच गाठी असत्या, तर मीच कदाचित गोळ्यांवर भागवा म्हटलं असतं. पण काढल्यावर पुन्हा येणारच नाही, अशी हमी मी देणार नाही."

"ब्रेक लागतोय म्हणून झिजलेला दोर मी कधी तसाच ठेवला नाही," काका म्हणाले. "काढा."

काकूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने त्यांनीच बॅग भरली.

शस्त्रक्रियेला चार तास लागले. शुद्धीवर आल्यावर गाठ वाटाण्याएवढी होती हे कळलं, तेव्हा काका पुटपुटले, "एवढ्याशीने मला नाचवलं?" हसताना टाके ओढले गेले, तसे कळवळले.

अंगात ताकद यायला तीन महिने लागले. गोळ्या हळूहळू कमी होत बंद झाल्या. सहा महिन्यांनी रक्ताचा अहवाल चांगला आला. दरवर्षी तपासणी मात्र चुकवायची नाही, असं बाईंनी बजावलं. त्याच संध्याकाळी काका काकूंना घेऊन तीन तासांच्या सिनेमाला गेले आणि एकदाही जागचे उठले नाहीत. काकू मात्र मध्यंतरातच गाढ झोपल्या होत्या.