एका भाकरीला दोन हात

माझी सोजरआत्या रागावली की उजव्या हाताची तीन बोटं नाचवायची. पाच नाचवायची सोयच नव्हती; दोन बोटं मानमोडीच्या साली गेली होती. तापानं नव्हे, बंदुकीनं. त्या सालात धडधाकट माणसं पटापट गेली आणि ही बंदुकीच्या तोंडातून परत आली. बाईच तशी चिवट!

१९१८ साली तापाची ती साथ जऊळक्याजवळच्या आमच्या गावात शिरली, तशी माणसं घरांना कड्या घालून शेतात खोप्या करून राहिली. प्लेगपासूनची ती रीतच होती. आजोबा दौलतरावांनी रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूकही सोबत नेली. घरी ती उंच खुंटीवर असे. खोपीला कुठली आलीय खुंटी? ठासलेली बंदूक रिकामी करायची तर बार उडवावा लागतो, आणि दारू फुकट घालवणं आजोबांच्या जिवावर येई. म्हणून ती भरलेलीच कडब्याला टेकून उभी असायची. एवढे शहाणे आजोबा, पण अक्कल तेवढी घरच्या खुंटीवर विसरून आले होते.

पुढं आजोबाच तापानं पडले. एका सकाळी ज्वारीत डुकरं शिरली. सात वर्षांचा जगदेव, म्हणजे माझे वडील, बापाला द्यायला म्हणून बंदूक ओढत निघाला. नऊ वर्षांच्या सोजरनं "ठेव थे!" म्हणत नळी धरली. बंदुकीचा घोडा कडब्यात अडकला आणि बार उडाला.

वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी जुंपायला धड माणूस उरला नव्हता. शेजारच्या तांड्यावरची गोमतीबाई धावत आली. तिनं रक्त थांबवलं, मग रोज येऊन कडुलिंबाच्या पाण्यानं हात धुतला. जखम सुकू लागली, आजोबाही उठून बसले. पण जगदेव बोलेना, खाईना. अंगात ताप नाही, तरी पोर सुकत चाललं. आजी रडायची, "पोरगी वाचली, न् पोरगा चालला माहा!"

गोमतीबाई सोजरला म्हणाली, "बोटं हालवत राह्य पोरी, नाही त हात लाकूड होईन."

सोजरनं काठवट ओढली, पीठ मळलं. दुखरी बोटं वळेनात, आणि एका हातानं भाकर थापली जाईना. मग ती ओरडली, "जगदेवा, इकडं ये! मले एकच हात हाये. तुहा दे."

तो आला. तिचा डावा, त्याचा उजवा. दोन भाकरी फाटल्या, तिसरी कशीबशी तव्यावर पडली. सोजरनं अर्धी मोडून त्याच्यापुढं ठेवली. तो खाली मान घालून सगळी खाऊन गेला.

"जाड झाली," तो म्हणाला. आठ दिवसांतला त्याचा पहिला शब्द!

"मंग उद्या पातळ थाप."

आजीला इतकं रडू फुटलं की तव्यावर टाकलेली पुढची भाकर करपली.

त्याच दिवशी आजोबांनी बंदुकीची उरलेली सगळी दारू ओढ्यात ओतली. पुढं पिकाच्या राखणीच्या दिवसांत आत्या वेशीवर उभी राहायची. आभाळात बार उडवल्याशिवाय कोणाची बंदूक गावात येऊ द्यायची नाही. पाटलाचीसुद्धा नाही. आमच्या गावात पुन्हा एकाही लेकराला छर्रा लागला नाही.

आत्या तीन बोटांनी एकटी भाकरी थापायला शिकली, आमच्या आईपेक्षा पातळ. तरी वडील तिच्याकडे गेले की हात धुऊन काठवटीशी बसत. बाप्यामाणूस भाकर थापतो म्हणून शेजारणी हसत.

आत्या म्हणायची, "हासा वं. माही दोन बोटं त्याच्यापाशी हायेत."