नानांची फेरतपासणी

तपासणी समितीच्या अध्यक्षबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि ग्रंथपालांना विचारलं, "तुमचं ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी उघडं असतं का?"

"हो," ग्रंथपाल पंख्याकडे बघत म्हणाले.

"केव्हा?"

"उघडं असतं तेव्हा."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते कौतुकाचं नव्हतं, हे मला दुसऱ्या टोकाला बसूनही कळलं.

पेठ रोडवरचं आमचं कॉलेज बरीच वर्षं चालू होतं. आता त्याचं विद्यापीठ व्हायचं होतं. खासगी विद्यापीठाला सरकारची परवानगी लागते, आणि परवानगीआधी एक समिती येऊन इमारत, प्रयोगशाळा आणि माणसं पाहून जाते. आमचा पहिला अर्ज परत आला होता. संस्थापक नाना मूळचे देवळ्याचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. नाशिकच्या कोर्टात वकिलीत त्यांनी नाव काढलं आणि मग या विद्यापीठासाठी चालती प्रॅक्टिस बंद केली. मी आधी त्यांचा ज्युनिअर, नंतर कॉलेजचा रजिस्ट्रार. "या वेळी नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा फाइल फिरवायची ताकद माझ्यात नाही बाबा," असं ते मला गाडीत म्हणाले होते. नाना ताकद नाही असं सहसा म्हणत नसत.

नाना गेले, त्यानंतरच्या शोकसभेत बरेच लोक त्यांच्या दूरदृष्टीबद्दल बोलले. ते खरंच आहे. पण त्या दिवशीचा गोंधळ सर्वस्वी त्यांचाच होता.

झालं असं की आदल्या दिवशी नानांनी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवून तयारी करून घेतली. चाळीसेक वर्षं वकिली केलेला माणूस तयारी एकाच प्रकारे करून घेतो. उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलाने आपल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न. ती जवळ आली की साक्षीदाराला जे बजावायचं, ते त्यांनी आमच्या प्राध्यापकांना बजावलं.

"विचारलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही. आणि उत्तर देताना माझ्याकडे अजिबात बघायचं नाही. साक्षीदार वकिलाकडे बघायला लागला की जज समजतो, पढवलेला आहे."

रसायनशास्त्राच्या शेख मॅडमनी हात वर केला. "पण सर, आपल्याला काही चांगलं सांगावंसं वाटलं तर?"

"चांगलं सांगायला गेलेला साक्षीदारच आधी बुडतो, मॅडम."

प्राध्यापक मंडळी आज्ञाधारक निघाली. सगळे 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर आले, आणि नानांकडे बघायचं नाही म्हणून कुणी खिडकीकडे बघत होतं, कुणी स्वतःच्या चपलांकडे.

"प्रयोगशाळेला पाणी आहे?" बाईंनी शेख मॅडमना विचारलं.

"आहे."

"कायम असतं?"

"आत्ता आहे."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "नानासाहेब, मी पुष्कळ कॉलेजं पाहिली. लोक फुगवून सांगतात, त्याची मला सवय आहे. पण इथे कुणी तोंडच उघडत नाही. तुम्ही काहीतरी लपवताय. आम्ही निघतो."

नानांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. "अरे, त्यांना वाटतंय मी साक्षीदार पढवलेत!"

"पढवलेतच, सर."

"हो, पण तसं वाटायला नको होतं ना!" फार घाबरले की ते घरच्या अहिराणीत जात. "आते काय करानं?"

मला सुचेल ते मी बोललो. "कोर्टात असतो तर फेरतपासणी मागितली असती."

उलटतपासणीत साक्षीदार गडबडला, तर त्याच्याच वकिलाला पुन्हा प्रश्न विचारून खुलासा करून घेता येतो. ती फेरतपासणी. मात्र उत्तर सुचवणारा प्रश्न किंवा नवा मुद्दा तिथे चालत नाही. नाना तडक आत वळले, मी मागोमाग.

"मॅडम, जाण्याआधी मला माझ्या माणसांना एक प्रश्न विचारू द्या. तुमच्यासमोर."

"विचारा."

"शेख मॅडम, आपल्या कॉलेजात काय काय वाईट आहे?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न स्वतःच्या साक्षीदाराला विचारू नये, हे मला नानांनीच शिकवलं होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"विचारलं तेवढंच सांगू, सर?"

"नाही. सगळं सांगा."

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "दुपारनंतर लॅबची टाकी कोरडी होते. मी सकाळीच कॅन भरून ठेवते. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून पेठकडच्या मुली चालत येतात, त्यांचं पहिलं प्रॅक्टिकल बुडतं. मग ते मी जेवणाच्या सुट्टीत परत घेते. टाइमटेबलात नाही ते. दोनदा अर्ज दिला, कुणी वाचला नाही."

अर्ज माझ्याकडे होते. मीही चपलांकडे बघितलं.

ग्रंथपालांना राहवलं नाही. "कांदा काढायला लागले की पोरं आठवडाभर शेतात असतात. त्यांच्यासाठी मी रविवारी उघडतो. पण वॉचमन किल्ली देत नाही, दर वेळी भांडावं लागतं!"

बाईंनी टोपण काढलं आणि लिहू लागल्या.

"आणि सर, तुमचा तास," शेख मॅडम म्हणाल्या.

"माझा?"

"तुम्ही कायदा शिकवता तो. तो संपतच नाही. मुलींची शेवटची गाडी चुकते."

"हरकत आहे!" नाना ताडकन उठले. "हा मुद्दा उलटतपासणीत आलाच नव्हता!"

"हरकत फेटाळली," अध्यक्षबाई मान वर न करता म्हणाल्या. "बोला, मॅडम."

मॅडम बोलल्या. इतर बोलले. मग सगळे एकदमच बोलायला लागले. समिती जेवायला थांबली, टाकीवर चढून आली, आणि फाट्यापर्यंत चालत गेली.

परवानगी आली, अटींसकट. पाण्याची सोय, एस.टी. थांब्यासाठी पाठपुरावा, रविवारचं ग्रंथालय. शेवटची अट अशी होती की सर्व तास वेळापत्रकाप्रमाणेच संपवावेत, 'संस्थापकांच्या तासासह'. त्या दोन शब्दांविरुद्ध अपील करता येईल का, यावर नानांनी मला एक संध्याकाळ बसवून ठेवलं. कुलपती झाल्यावरही ते शिकवत राहिले, आणि घंटा झाली की वाक्य अर्धं सोडून, चेहरा पाडून वर्गाबाहेर येत. पोरी मात्र गाडीत बसलेल्या असत.

धडा म्हणाल तर साधा आहे. आपल्या माणसांना काय बोलायचं ते शिकवण्याआधी, त्यांना काय बोलायचंय ते विचारून घ्यावं. नाना हे मान्य करायचे. "पण कोर्टात नाही हं," असं लगेच वर जोडायचे.