डाव्या हातातला हिरवा चुडा

हसनाबादच्या मावशींचा डावा हात मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी बंद पडला. गेल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

हात म्हणजे हातातला फिस्टुला. डायलिसिससाठी मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडतात, सुया तिथंच टोचतात. तो चालू असला की बोटांना थरथर लागते, कानाला घरघर ऐकू येते. मावशी उठल्याबरोबर मनगट कानाशी नेत. "चालू हाय."

जालन्याच्या सेंटरवर माझी आई त्यांच्या शेजारच्या पलंगावर असे. अशा सेंटरच्या बाकावर तुम्ही बसला असाल, तर मावशींसारखी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. नवी सिस्टर त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू लागली की त्या हात मागे घेत. "तो माझा न्हाई, माय. मशीनचा हाय." वजन उचलायला मनाई, म्हणून घरचा हंडा नवऱ्याकडे आला होता. "आता कळून राह्यलं यांना, पाणी किती जड असतंय," असं त्या त्याच्या देखतच सांगत. तो हसे.

हाताला घट्ट काही चालत नाही, म्हणून डाव्या हातात बांगडी नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी कासार आला. जाऊ म्हणाली, "नवरा जिता हाय ना तुमचा? मंग हात मोकळा कशापायी? पोरीच्या सासरचे काय म्हनतील?"

मावशींनी हात पुढं केला. हिरवा चुडा घट्ट बसला. तो घालूनच त्या झोपल्या.

सकाळी घरघर नव्हती. बंद पडला की त्याच वेळी या, रक्त गोठून बसलं तर उपाय राहत नाही, असं सेंटरनं बजावलं होतं. घट्ट बांगडी फोडल्याशिवाय निघत नव्हती आणि लग्नघरात बांगडी फोडत नाहीत. नवरा गाडी काढू लागला. मावशी म्हणाल्या, "पोरगी मांडवातून जाऊ द्या. मंग जाऊ."

संध्याकाळी पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रयत्न केला, फिस्टुला उघडला नाही. डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली.

"पोरीला तरी सांगायचं," सेंटरवर माझी आई त्यांना म्हणाली.

"सांगितलं असतं तर ती गेलीच नसती, माय." बोलता बोलता त्यांनी मनगट कानाशी नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

नळीतून जंतुसंसर्ग झाला. थंडी वाजून आलेला ताप उतरला नाही. पोळ्याच्या आधी मावशी गेल्या. त्या पलंगावर आता दुसरा पेशंट असतो. आई तिकडे पाठ करून झोपते.

मुलगी वाटूरला नांदते. आईचा हात लग्नानंतर आठ दिवसांनी बंद पडला, असं घरच्यांनी तिला सांगितलं आहे.