चाल: देशी

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. दात गेले, नजर गेली, राग आहे तिथंच आहे. एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट, म्हणजे बघा किती वर्षं मी तो सांभाळलाय.

बारामतीतल्या आमच्या ख्रिस्ती देवळात एक पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि हातांनी वाजवायची. गोरे लोक तिला ऑर्गन म्हणायचे. ती वाजवायचे आमचे हे. आठवडाभर मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी पेटीवर. जन्म सांगवीचा, आईबाप दुसऱ्याच्या मळ्यात राबणारे. पेटीवर बोटं ठेवायला एका मडमेनं शिकवलं, चाली करायला मात्र कुणी शिकवलं नाही. त्या ह्यांना पायी चालताना सुचायच्या. अंथुर्ण्याला, सणसरला प्रार्थना घ्यायला जायचे, कालव्याच्या कडेकडेनं. दोन दिवसांनी परत आले की घर सोडून थेट देवळात, पायाची धूळसुद्धा न झटकता.

"अवो, हातपाय तरी धुवा!" मी दारातनं ओरडायची.

"थांब गं, चाल पळून जाईल."

अशा नऊ चाली केल्या. एकीत मोट हाकणाऱ्याचा हेल होता, एकीत जात्याची घरघर. शाळेतल्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूला सा रे ग म करून लिहायचे. उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला तर चांभाराकडनं कातडं आणून स्वतः शिवायचे. सगळ्यांत गोड चाल होती हंगामाच्या उपासनेची. पहिलं पीक देवापुढं ठेवायचं, तेव्हा गायची. तिची शेवटची ओळ चार महिने सापडत नव्हती. माणूस जेवताना गप्प, बोललं तर हूं नाही की चूं नाही. एके दिवशी मी भाकरी थापत होते. हे पाटावरनं ताडकन उठले. "थांबू नगं, थाप, तशीच थाप!" परातीवर माझी थाप आणि ह्यांचं गुणगुणणं. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, पण ओळ सापडली. म्हणून मी त्या चालीला घरातली चाल म्हणायची. हा शब्दच पुढं माझ्या मुळावर आला.

गोऱ्या पाद्रीसाहेबाला गीतांचं नवं पुस्तक काढायचं होतं, चालींसकट. तो तीन दिवस ह्यांच्याशेजारी बसला, ऐकून ऐकून सगळं आपल्या विलायती स्वरखुणांत उतरवलं. वाखाणलं पुष्कळ, चाली कुणाच्या ते मात्र विचारलं नाही. तिन्ही दिवस हाक काय मारली? मास्टर! अरे, मास्तर पैशाला पासरी असतात, माणसाला नाव असतं की नाही? एकदा विचारायला जीभ झडली असती का?

मग महिन्याभरानं साहेबाचा लेखनिक पुण्याहून आला, कुठली चाल कुणाची ते टिपायला. नेमके हे त्या दिवशी सणसरला. लेखनिक आमच्या ओट्यावर टेकला, मी दाराआड.

"हंगामाच्या गाण्याची चाल कुणाची, बाई?"

"आमच्या ह्यांची."

"ह्यांची म्हणजे? नाव सांगा."

आता सांगा, नाव कसं घेऊ? आमच्या लोकांनी धर्म बदलला, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही जिभेची सवय काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेली नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. परक्या पुरुषापुढं तोंडातनं कसं निघणार? मी म्हटलं, "शाळंत इचारा की जी. समद्यास्नी ठावं हाय."

"माझी गाडी चुकेल," तो म्हणाला. "मग ही चाल आणि बाकीच्या आठ तुमच्याकडच्याच, एवढंच ना?"

"व्हय. ही तर घरातली चाल हाय."

तो हसला, काहीतरी खरडलं आणि गेला. शाळा दोनशे पावलांवर होती हो! दोनशे पावलं त्या मेल्याला जड झाली.

पुस्तक छापून आलं ते हंगामाच्या उपासनेलाच. देऊळ भरलेलं, पार इंदापुरापासनं माणसं आलेली. मी पान काढलं. मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते, वाचता येत होतं. प्रत्येक गाण्यावर करणाऱ्याचं नाव. मेलेल्या गोऱ्यांची तर जन्माची आणि मरणाची सालंही छापलेली. आणि आमच्या गाण्यांवर, नऊच्या नऊ गाण्यांवर, दोन शब्द. 'चाल: देशी'. माझ्या 'घरातली'चं लेखनिकानं 'देशी' केलं होतं. देशी कोंबडी, देशी तूप, तशी देशी चाल! म्हणजे रस्त्यात पडली होती, साहेबानं उचलली.

तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीवर बसलेल्या ह्यांच्या पाठीकडं बघितलं. पुस्तक ह्यांच्यापुढंही उघडं होतं. पाठ हलली नाही. सकाळीच ह्यांना कळलं होतं. मला नुसतं म्हणाले होते, "जाऊ दे, देवाला ठावं हाय." ते कशाबद्दल, हे आत्ता उमगलं. अरे, देवाला ठावं आहे म्हणून बाकीच्यांचं नाव छापायचं थांबलं का?

तेवढ्यात साहेब पुढं येऊन म्हणाला, "ही सुंदर देशी चाल कोणी केली, ते कोणालाच ठाऊक नाही."

मी उठले. बायकांच्या बाजूनं, भर देवळात. नुसतं नाव घ्यायला जीभ वळेना. मग मला येत होतं तसं घेतलं:

"पायपेटीच्या भात्यात वारं भरतं पायांनी,
देशी म्हणून छापली ती चाल केली ——रावांनी!"

तिथं नाव पुरं घेतलं, आता पुन्हा जिभेवर येत नाही. बायकांत खसखस पिकली. मंडळीतला एक म्हातारा पंच खेकसला, "देवळात उखाणा? हे काय लगीन हाय व्हय?"

"न्हाय, आबा," मी म्हटलं. "लगीन असतं तर पत्रिकेत नाव नीट छापलं असतं."

साहेबानं सोबत आलेल्या लेखनिकाकडं बघितलं. लेखनिक पायाकडं बघत होता. साहेब म्हणाला, पुढच्या छपाईत दुरुस्त करू. ह्यांनी वळून बघितलं नाही. भाता मारला, चाल सुरू केली, आणि जिथं माझी भाकरीची थाप होती त्या शेवटच्या ओळीत चुकले. जन्मात पहिल्यांदा.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "लग्नात घेतलं हुतंस, त्यानंतर आज ऐकलं."

"त्या लेखनिकापुढं घेतलं असतं तर ही येळ आली नसती," मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं. साहेबावर राग होताच, लेखनिकावर होता, पण सगळ्यांत जास्त स्वतःवर होता. तो तसाच आहे.

पुढची छपाई झालीच नाही. साहेब मायदेशी गेला. हेही गेले, आणि ह्यांना मातीला नेताना ह्यांचीच चाल म्हटली, 'देशी' म्हणून छापलेली. तेराव्या दिवशी मी शाई घेऊन देवळात गेले. कपाटातली सगळी पुस्तकं काढली, एकेक पान उघडलं, 'देशी' खोडलं आणि नाव लिहिलं. नऊ जागी, प्रत्येक पुस्तकात. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.