आईचं रोजचं ताट

सावनेरच्या स्टँडवरून एसटी हलली तशी आई खिडकीला धरून चालत राहिली. "लाजू नको वं तिथं. पोटभर जेवत जाय." तिला मागे एकटीला सोडून मी नागपूरला निघाले होते, तेही लोकांचं जेवण मोजायला. मेडिकल कॉलेजच्या आहार-पाहणीत नोकरी होती. असलीही नोकरी असते, हे तिला अजूनही पटत नाही.

घरोघरी जाऊन कणिक, तेल, मीठ तोलायचं, मग घरच्यांचं ब्लडप्रेशर घ्यायचं. पण आपली माणसं! तराजूवाली बाई येणार म्हटल्यावर नागपूरच्या इतवारीत चक्क सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळून ठेवायचे. पाहुणीसमोर चटणी-भाकर ठेवायची कशी? शेवटी पाहणीचे साहेब वैतागले, म्हणाले, न कळवता जा. तसं गेल्यावर खरं ताट दिसायला लागलं. भाजी नावाला, घास उतरावा म्हणून मीठ-तिखट भरमसाट. अशा घरात ब्लडप्रेशर चढलेलं माणूस हमखास सापडायचं.

एकदा सावनेरकडचं काम लवकर आटपलं आणि मी तशीच घरी गेले. आई चुलीपाशी जेवत होती. भाकर, ठेचा आणि बाजूला मिठाचा हा एवढा ढीग. बस. मी येणार म्हटलं की वांग्याची भाजी, वरण, भात करणारी हीच बाई!

तिनं ताट मागे सारलं. "असं अवचित येते का वं? काय वाढू आता तुले?"

मी पिशवीतून यंत्र काढलं. तिच्या दंडाला पट्टा बांधला. पारा इतका वर थांबला की मी पुन्हा घेतलं. तेवढाच. आई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मीठ बंद, माय. आजपासून."

"मंग भाकर कशासंगं खाऊ?"

मी रडायलाच लागले.

आता तिला गोळ्या चालू आहेत. नागपूरला ये म्हटलं तर येत नाही. मी भाजी घेऊन जाते. ती संपली की काय खाते, देव जाणे. गाव सोडून आलेल्या माझ्या बायांनो, आपण जातो त्या दिवशी घरी सण असतो. त्या दिवसाच्या ताटावर जाऊ नका. मी तर येणार म्हणून कळवतच नाही. गल्लीत वळले की वाटतं, ती बरी असेल ना? मी दारातूनच "माय!" म्हणून हाक मारते. आतून "ओ" येईपर्यंत ते माझं घर नसतं.