कोपरातला कापूस

तपासणीसाठी रक्त देऊन आलेली माणसं कोपर दुमडून, मूठ खांद्याशी धरून बाकावर बसतात. आमचे हेही तसेच बसले होते. दुखणं मूत्राशयाच्या कॅन्सरचं, आणि औषध लागू पडेल का याचा अंदाज हातातल्या रक्तावरून. मला आधी ते पटेना. पण घरात कुठेही बिनसलं, तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून कळतंच की.

तासाभराने रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रमाण मागच्या वेळेपेक्षा बरंच उतरलंय. पुढची औषधं लागू पडतील, अशी चांगली खूण आहे ही."

हे नुसतं "बरं" म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, हात सोडा आता. कापूस केव्हाच पडलाय."

"पडू दे," म्हणाले, आणि कुस्ती जिंकल्यासारखी मूठ तशीच वर धरून सगळ्यांदेखत जिना उतरले.