ओली बाही

केरबा हवालदारांच्या शर्टाची उजवी बाही नेहमी ओली असे आणि डावी कोरडी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, नळावर हात धुताना भिजली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. लातूरला आमच्या दैनिकाच्या कार्यालयासमोर एक खासगी शिकवणी होती आणि तिच्या फाटकावर ते सुरक्षारक्षक होते. चौथ्या दिवशीही तीच बाही ओली दिसली, तेव्हा चहाच्या टपरीवर मी त्यांना कारण विचारलं.

"उजवा हात सरकारी हाय, डावा घरचा," ते म्हणाले. "घरच्याला घाम येतो. सरकारीला येत न्हाई. म्हून त्याला पाणी पाजावं लागतंय."

पायाशी ठेवलेली बाटली उचलून त्यांनी खांद्यापासून मनगटापर्यंत धार सोडली. चहावाला कुरकुरला की बाकडं भिजतंय. "भिजू दे की. तुझ्या चहात बी एवढंच पाणी असतंय," हवालदार म्हणाले आणि फाटकावर परत गेले.

पुढच्या काही आठवड्यांत बाकीचं कळलं. सैन्यात असताना बर्फातल्या एका चौकीवर तंबू गरम ठेवायची रॉकेलची बुखारी फुटली. तेव्हा ते कामावर होते. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत भाजला, मानेची एक बाजूही. मांडीची कातडी काढून हातावर लावली. "बर्फात भाजलेला माणूस कुठं बघितला का, बातमीदार? हितं बघून घ्या," असं ते हसत सांगत. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही.

नवी कातडी गुळगुळीत, फिकट आणि ताणलेली होती. तिला घाम येत नव्हता. लातूरच्या उन्हात हात आतून तापे, व्रण ओढला जाई आणि दुपारनंतर बोटं मिटत नसत. पाणी घातलं की तासभर बरं वाटे. त्यांच्या कागदांवर यातलं काही नव्हतं. सैन्यातून सुटताना वैद्यकीय बोर्डानं लिहिलं होतं की जखम पूर्ण भरली आहे, आणि अपंगत्वाची टक्केवारी किमान मर्यादेच्या खाली धरली होती. त्यामुळे साधं निवृत्तिवेतन सुरू झालं, अपंगत्वाचा भाग नाकारला गेला. हवालदारांनी फेरतपासणीचा अर्ज केला होता. तो मंजूर झाला तर ते फाटकावरची नोकरी सोडणार होते.

"मला बसून खायचं न्हाई," ते म्हणायचे. "फकस्त सावलीत उभं ऱ्हायचं हाय." पेन्शनच्या कार्यालयातून एखादं पत्र आलं की ते वाचून घडी घालत आणि म्हणत, "कागदाला गरम होत न्हाई."

स्वातंत्र्यदिनाच्या पुरवणीसाठी मला एक माजी सैनिक हवा होता. मी हवालदारांना विचारलं. त्यांनी रविवारी गावाकडे बोलावलं. रेणापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत त्यांचं घर होतं. पाऊस लांबला होता आणि गावात टँकर सुरू होता. दारात पाच-सहा भरलेल्या घागरींची रांग होती. शेवटी वेगळी ठेवलेली एक पितळी कळशी होती.

"ती हाताची कळशी," त्यांच्या पत्नी सोजरबाई म्हणाल्या. "टँकरपाशी बाया बोलत्यात मला. म्हणत्यात, आमच्या लेकरांना प्यायाला न्हाई अन् हवालदारीण नवऱ्याच्या बाहीला पाजायली."

"तू काय म्हणलीस?" हवालदारांनी विचारलं.

"काय म्हणणार? म्हणलं, तुमच्या नवऱ्याचा हात द्या सरकारला, मग बोला."

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे.

फोटो बैलासोबत घ्यायचं मी ठरवलं. बैल देवणी जातीचा होता, दांडगा आणि देखणा, पण हवालदारांचा नव्हता. तो त्यांच्या चुलतभावाचा होता. छायाचित्रकारानं कॅमेऱ्यातून पाहून सांगितलं की एक बाही काळपट आणि दुसरी पांढरी दिसते, फोटो विचित्र येईल. मी हवालदारांना थोडा वेळ बाही कोरडी ठेवण्याची विनंती केली. सोजरबाईंनी आतून इस्त्रीचा पांढरा शर्ट आणून दिला. भाजलेल्या हातानं बैलाची वेसण धरून हवालदार अंगणात उन्हात उभे राहिले. फोटोच्या चौकटीबाहेर चुलतभावानं बैलाचा कासरा घट्ट धरला होता.

पहिले फोटो पसंत पडले नाहीत. आणखी घेतले. तेवढ्या वेळात त्यांच्या हाताचा पंजा लाल झाला.

"उरका बातमीदार," ते म्हणाले. "सरकारी हात तापायलाय."

शेवटचा फोटो झाल्याबरोबर सोजरबाईंनी कळशी त्यांच्या खांद्यावर रिकामी केली. इस्त्रीचा शर्ट भिजला.

बातमीचा मथळा मी दिला होता: 'अपंगत्वावर मात, भाजलेल्या हाताने आवरतो देवणी बैल'. असे मथळे आम्ही नेहमी देत आलो आहोत. पहिल्या मसुद्यात कळशीचा एक परिच्छेद होता. जागा कमी पडली म्हणून तो काढला, असं मी तेव्हा सांगितलं असतं. खरं म्हणजे मात केलेल्या माणसाच्या बातमीत तो बसत नव्हता.

हवालदार फार खूश झाले. शिकवणीतल्या मुलांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले. त्यांनी कात्रण प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं, एक प्रत घरी भिंतीवर लावली आणि एक अर्जाच्या फायलीत ठेवली. "लिवून आलं म्हणजे पुरावा झाला," असा त्यांचा हिशोब होता. फायलीत ते ठेवू नका, असं सांगायचं मला सुचलं नाही.

फेरतपासणी थंडीत झाली. थंडीत त्यांचा हात शांत असे. तिथं काय झालं ते त्यांनी मला टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं.

"साहेबानं कात्रण बघितलं. म्हणला, 'बैल आप संभालते हो?' मी म्हणलो, 'जी साब.' मग म्हणला, 'हाथ ठीक है?' मी म्हणलो, 'ठीक है साब.'"

"असं कसं म्हणालात?"

"साहेब इचारतो तवा दुसरं काय म्हणत्यात? जलमभर तेच म्हणलो. बुखारी फुटली त्या दिवशी बी स्ट्रेचरवरून तेच म्हणलो."

पत्र दीड महिन्यानं आलं. अर्जदार शेतीची अवजड कामंही करू शकतो, असं त्यात होतं. आधार म्हणून सोबत जोडलेल्या वृत्तपत्राच्या कात्रणाचा उल्लेख होता. हवालदारांनी पत्र माझ्यापुढे धरलं, मी ते दोनदा वाचलं.

मी त्यांना म्हटलं की वर अपील करता येतं, आणि त्यासाठी मी सहीनिशी लिहून देतो: बैल दुसऱ्याचा होता, बाही मी कोरडी ठेवायला लावली होती, या हाताला दर तासाला पाणी लागतं.

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे पेपरातलं खोटं होतं, असं ल्ह्यायचं?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं."

"नको. जावयानं वाचलंय. गावात लोकं आता नीट बोलत्यात, कळशीचं नाव काढीत न्हाईत. माझ्या बाबतीत तेवढंच एक चांगलं लिवलेलं हाय. ऱ्हाऊ द्या."

त्या मार्चमध्ये माझी नांदेडला बदली झाली. निघताना भेटायला गेलो तेव्हा ते फाटकावर होते, बाही ओली होती. त्यांनी ओल्या हातानंच सलाम केला.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. मागं रहदारीचा आवाज होता. "बातमीदार, ते लिवून देतो म्हणला होता, देता का? पेपराला खोटं पाडू नका. फकस्त बाहीचं ल्ह्या. औंदा ऊन लई हाय."

मी म्हणालो, दोन दिवसांत पाठवतो.

पाठवलं नाही. नव्या आवृत्तीची धावपळ होती आणि ती खरोखरच होती. पण ते पत्र अर्ध्या पानाचं होतं आणि मी रोज त्याच्या कितीतरी पट लिहीत होतो. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा 'मी बाही कोरडी ठेवायला लावली' या वाक्यापाशी थांबलो आणि दुसरं काम हाती घेतलं. हवालदारांनी पुन्हा फोन केला नाही. एकदा सांगितलेलं काम दुसऱ्यांदा आठवून देणं त्यांच्या शिस्तीत नव्हतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी फाटकावर ते खाली बसले आणि उठले नाहीत. चहावाल्यानं मला कळवलं. प्रमाणपत्रावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं आहे. त्या दिवशी ऊन होतं, त्यांची पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. याहून जास्त मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही.

दहाव्यानंतर मी गावी गेलो. ते पत्र आदल्या दिवशी पूर्ण करून सही केली होती. ते खिशात होतं, पण अर्जदारच राहिला नव्हता. सोजरबाईंनी सतरंजी टाकली. घागरींच्या रांगेत शेवटी असलेल्या पितळी कळशीतून तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला.

"प्या. चांगलं पाणी हाय. हिला आता काम न्हाई."

मी प्यालो. त्यांनी अपिलाचं काही विचारलं नाही. भिंतीकडे बोट केलं. तिथं हवालदारांचा मोठा करून घेतलेला फोटो होता, हार घातलेला.

"सैन्यातला घावला न्हाई. मग तुमच्या पेपरातलाच मोठा करून आणला. लई चांगला आलाय, न्हाई का?"

"हो," मी म्हणालो.

फोटोतून बैल कापून टाकला होता, नुसते हवालदार उरले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि दोन्ही बाह्या कोरड्या.